भिंतीला न विचारता निवडलेली मखमल

मी एक जुना, एकेकाळी लाल असलेला मखमलीचा वीतभर तुकडा आहे. मित्रांनो, माझ्या अंगाला बुरशीचा वास येतो. नाक धरून का होईना, पण ऐका.

१९७४ साली उंब्रजच्या लालासाहेबांनी पलटणीतून निवृत्त होऊन पाचगणीत बंगला बांधला. बैठकीच्या भिंतींना कापड लावायचे काम सांगलीच्या अल्लाबक्ष गादीवाल्याकडे आले. त्याची एक रीत होती. मखमल, रेशीम आणि खळ धुऊन काढलेले जाड सुती कापड, असे तीन तुकडे तो भिंतीच्या कोपऱ्यात ठोकी, एक पावसाळा जाऊ देई आणि जो टिकेल त्याचेच कापड लावी. त्या कोपऱ्यात मी सुती तुकड्याला हिणवत असे. तुझी जागा पोत्यांत, म्हणत असे.

पण लालासाहेबांचे जुने कर्नल श्रावणात यायचे होते. थांबतो कोण? लग्नाचा शालू घ्यावा तसा त्यांनी मला गालाला लावून पाहिले आणि मखमलच ठरवली.

"आवं मालक, हितल्या भिंती चार म्हैनं वल्या असत्यात. मखमल टिकायची न्हाई."

"तू खिळं मार. शानी मानसं लय बघितली पलटणीत."

माझ्याच ताग्याने भिंती मढवल्या. आमच्या कोपऱ्यापुढे कपाट येणार होते; त्यामागे कुणाला दिसतंय म्हणून तेवढी भिंत लालासाहेबांनी कोरी ठेवायला लावली. आम्ही तिघे तिथेच राहिलो.

श्रावणात कर्नल आले आणि शिंकत शिंकत व्हरांड्यात जाऊन बसले. भिंती काळ्या पडल्या होत्या. लालासाहेबांनी चारचौघांत अल्लाबक्षला लबाड म्हटले, कुजका माल घातला म्हणाले. पाचगणीतली त्याची ठरलेली दोन कामे त्याच आठवड्यात गेली.

तो मखमल उतरवायला आला, तेव्हा लालासाहेबांच्या पत्नी हरणाबाईंनी कपाट सरकवायला लावले. मी काळा, रेशीम काळे. सुती तुकडा जसाच्या तसा. लालासाहेब तो उपटायला धावले. हरणाबाई आडव्या आल्या.

"हात लावू नगा. तुमी त्याचं नाव घालवलंय, त्ये ह्या तुकड्यात हाय."

त्यांनी आम्हा तिघांना अल्लाबक्षच्या हाती दिले. लालासाहेबांनी माफी मागितली नाही. मीही त्यांना माफ केलेले नाही.

मित्रांनो, कापड गालाला विचारून घेऊ नका; ज्या भिंतीवर त्याला राहायचे आहे, तिला विचारा. आम्ही तिघे आता सांगलीच्या दुकानात दाराशी ठोकलेले आहोत. गिऱ्हाईक आले की अल्लाबक्ष आधी त्याला माझा वास घ्यायला लावतो आणि मग विचारतो, "घर कुठल्या गावात हाय?"