पेटीची जागा

…वाटीच्या काठाचा एक टवका उडालेला होता आणि त्या टवक्यात सकाळचं ऊन नेमकं नखाएवढं अडकून बसलं होतं – राजकन्या फरशीवर पालथी पडून, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून कॅमेऱ्यातून त्या वाटीकडे बघत होती, आणि बघता बघता आपण इथे कशासाठी आलोय हेच ती थोडा वेळ विसरून गेली. चिनी मातीची वाटी, आत दुधाची वाळलेली रेघ, वाटीच्या मागे लांबच लांब गेलेली शहाबादी फरशी आणि पार टोकाला चांदपाशाचाचांचे अनवाणी पाय, सावकाश स्वयंपाकघराकडे चाललेले. चहा टाकायला. नको म्हणून चालणार नव्हतं, ते तिने आल्या आल्याच ओळखलं होतं.

खालून बघितलं की घर वेगळंच असतं. वरून बघताना जे घर माणसांचं, भांड्यांचं, कॅलेंडरांचं असतं ते खालून नुसतं उन्हाचं आणि पायांचं होऊन जातं – खाटेचे पाय, खुर्चीचे पाय, दाराखालून येणारी उजेडाची पट्टी – आणि त्यात पडून राहिलं की झोप नाही पण झोपेच्या अलीकडचं काहीतरी डोळ्यांवर येतं. हे खालून बघणं मृत्युंजय सरांच्या डोक्यातून निघालेलं. नांदेडला त्यांचं घरं विकून देण्याचं ऑफिस, आणि राजकन्या गेली आठ वर्षं त्यांच्याकडे फोटो काढणारी. अपार्टमेंटवाले कुत्र्या-मांजरांना नाकं मुरडतात, लिफ्टमध्ये नको, जिन्यात नको, गच्चीवर तर नकोच, आणि इकडे तर ज्याच्या त्याच्या घरी एक शेपूट. तेव्हा अशा लोकांसाठी वेबसाइटवर घरांचं वेगळं पानच काढू, असं सरांनी एका दुपारी तोंडात पान असताना जाहीर केलं होतं. 'माणूस पाच फुटांवरून बघतो मॅडम, त्याचं मांजर वितीवरून बघतं. तुम्ही वितीवरून काढा!' राजकन्येला तेव्हा हसू आलं होतं. पण दोन घरं झाली, चार झाली, आणि तिला त्या वितीची गोडी लागली. टेबलाच्या खालच्या अंगाला कुठल्या तरी पोराने खडूने काढलेलं विमान, कोपऱ्यात गेलेली बांगडी… घरमालकांनाही माहीत नसलेली घरं तिला माहीत होऊ लागली.

हे घर लातूरचं, औसा रोडच्या आतल्या गल्लीतलं, तीन खोल्यांचं. चांदपाशाचाचा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, चाची चार वर्षांपूर्वी गेलेल्या. आता ते हैदराबादला लेकीकडे, उमैमाकडे, कायमचे निघाले होते. नातवाला दमा, त्यामुळे मांजर नेता येत नव्हतं. म्हणून त्यांची एकच अट – घर घेणाऱ्याने मिश्रीलाही ठेवून घ्यायचं. असं गिऱ्हाईक मिळणार कुठून, असं सगळेच म्हणाले होते; पण मिळालं होतं. बुद्धप्रिया नावाच्या एक डॉक्टर, बदलीवर लातूरला येणाऱ्या, मांजरांच्या वेड्या. त्यांनी कळवलं होतं, फोटो आणि माहिती बघते, आवडलं तर रविवारी येऊन बयाणा देते, मांजर माझी. माहिती आज संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. चाचांचं पुढच्या आठवड्याचं तिकीट निघालेलं होतं आणि मिश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आपला काही संबंध नसल्यासारखी झोपली होती.

राजकन्या उठली, गुडघे झटकले. आता खिडकी. चांगली खिडकी होती, खोल कट्ट्याची, साडेदहाला तिच्यात भरभरून ऊन येणार असं चाचांनी सांगितलेलं – फक्त खाली ती पेटी. हिरवा रंग उडालेली पत्र्याची पेटी, वर गोधडीची घडी. पेटी दिसली की खोली म्हातारी दिसते, हा तिचा आठ वर्षांचा अनुभव. तिने कडीला धरून ती अलगद ओढली आणि दारामागे लावून टाकली. फरशीवर चार पांढरट डाग तेवढे राहिले. ते काय, नंतर कॉम्प्युटरवर पुसता येतात. सगळंच पुसता येतं.

आणि मग ऊन आलं. ते आल्याचं मिश्रीला कसं कळलं कोण जाणे. ती उठली, पुढचे पाय ताणून अंग लांबवलं आणि चालत निघाली – वाटीला वळसा, खाटेच्या पायाला मिशीसुद्धा न लावता वळसा, इतकी डौलात, इतकी घरची मालकीण, की राजकन्येने आनंदाने बटण दाबून धरलं. खटखट फोटो निघत गेले. आणि खिडकीपाशी आल्यावर मिश्री क्षणभर थांबली, मागच्या पायांवर बसली आणि तिने उडी मारली. पेटी नसलेल्या जागी. पाय हवेत फिरले, छाती भिंतीवर आपटली, आणि ती खाली पडली. एवढासा आवाज झाला.

'अगं, बघून –' राजकन्येच्या तोंडून निघालं.

…निघालं आणि तोंडातच राहिलं. कारण ते शब्द आजचे नव्हते. ते देगलूरचे होते, बसस्टँडमागच्या पत्र्याच्या घरातले, दोन वर्षांपूर्वीचे. बाबा गेल्यावर आईने एकटीने तिथे कशाला राहायचं म्हणून ते घर विकायला काढलं तेव्हा फोटो तीच काढणार होती, दुसरं कोण? दोन दिवस आधी जाऊन तिने घर मोकळं केलं. रांजण मागे नेला, आईची बाज भिंतीला उभी केली, चौरंग माळ्यावर टाकला. आणि त्या दोन दिवसांत आई पाच वेळा अडखळली. चौकटीला कपाळ लागलं, तिथे टेंगूळ आलं, आणि राजकन्या, घामेजलेली, घाईतली, ओरडली होती – 'आई, बघून चाल की जरा!' आई कपाळ चोळत उभी राहिली. नांदेडला आणल्यावर महिनाभराने डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं की काचबिंदू आहे, आणि आजचा नाही, दोन्ही डोळे चार-पाच वर्षांपूर्वीच गेल्यात जमा आहेत. चार-पाच वर्षं! त्या वर्षांत आई तांदूळ निवडत होती, दिवा लावत होती, आडावर जात होती, मी गेले की मला चहा करून देत होती, कप न सांडता. कुणालाच कळलं नव्हतं. त्या घरात ती आंधळी नव्हतीच. मी ते घर फोटोत इतकं छान काढलं की आठ दिवसांत विकलं गेलं, आणि सर म्हणाले, वा मॅडम.

चाचा दोन्ही हातांत कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी भिंतीकडे बघितलं, दारामागच्या पेटीकडे बघितलं आणि कप हळूच खाली ठेवले. मिश्री खिडकीखाली तशीच बसून होती, तोंड भिंतीकडे करून.

'दिसत न्हाई तिला,' ते म्हणाले. 'दीड साल झालं.'

'चाचा, फोनवर सांगितलं का नाही?'

'सांगितलं असतं तर तू आली असतीस का, बेटा? त्या डॉक्टरीणबाईनं हाव म्हटलं असतं का?' त्यांनी मिश्रीच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग जरा ताठ होऊन म्हणाले, 'अन् खोटं काय बोललो? ह्या घरात तिला समदं दिसतंय. दीड साल झालं, एक चमचा हिकडचा तिकडं केला न्हाई म्या. उमैमा म्हणते, अब्बा, जुनी पेटी फेका की आता. कशी फेकू? तू हलवलीस म्हणून पडली ती. न्हाई तर पडते व्हय?'

त्यांना रागवायचं नव्हतं, पण राग आला होता, आणि राग आल्याची लाजही वाटत होती. ते सगळं त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर एकदमच आलं आणि राजकन्येला त्याच्याकडे बघवेना. ती पेटी ओढायला गेली. चार पांढरट डाग. तिने पेटीचा एक पाय एका डागावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर, मग खाली बसून बोटाने चाचपून बघितलं, सुतभर उजवीकडे सारली, गोधडीची घडी होती तशी घातली. आयुष्यात कुठली वस्तू इतकी मन लावून कुठे ठेवली नव्हती. मग दोघंही मागे सरकून बसले. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच घेतला.

मिश्री उठली. पेटीपाशी गेली, मिशा लावल्या, कडेने वास घेत इकडून तिकडे गेली. एक पाय उचलून पत्र्यावर ठेवला. पाय तसाच राहिला, राहिला… आणि मिश्रीने तो काढून घेतला.

'मारंल उडी,' चाचा म्हणाले. 'आज न्हाई तर उद्या मारंल.'

बाराची गाडी राजकन्येने सोडून दिली. फोटो काढायचे राहिलेत, असं तिने चाचांना सांगितलं, आणि चाचांनी ते खरं मानल्यासारखं केलं. ती फरशीला गाल टेकवून पडून राहिली, मिश्री तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि खिडकीतलं ऊन कट्ट्यावरून कडेला, कडेवरून गजांना आणि गजांवरून बाहेर निघून गेलं. मिश्रीने उडी मारली नाही. तिचे डोळे उघडे होते, हिरवे, अगदी स्वच्छ, कुणालाही वाटावं की ही आपल्याकडेच बघतेय.

निघताना चाचा दारापर्यंत आले. 'लिहायचं का न्हाई, ते तूच बघ बेटा. लिहिलं तर बाई येणार न्हाईत. न्हाई लिहिलं तर येतील, अन् आपलं सोफासेट आणून टाकतील हितं.' आणि मग हसले, एकदम लहान पोरासारखे. 'काय तरी कर.'

काय तरी कर! एसटीच्या खिडकीला डोकं लावून ती तेच घोळवत राहिली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, उन्हात कापलेल्या हरभऱ्याची रानं मागे मागे जात राहिली. मोबाइलवर माहितीचा कागद उघडा होता. तीन खोल्या, बोअर, पूर्वेची खिडकी, सोबत मांजर, मादी, वय सात… आणि त्यापुढे रिकामी ओळ. तिने डोळे मिटले. मिटल्यावर देगलूरचं घर आलं – फोटोतलं नाही, रिकामं केलेलं नाही, त्याच्या आधीचं. उंबरा, डाव्या हाताला रांजण, गार, मग चार पावलं, बाज, बाजेच्या पायाला गुंडाळलेली सुतळी, मग पायरी, पायरीचा फुटलेला कोपरा तळपायाला… सगळं होतं तिथेच. मी सबंध घर हिंडून आले आणि कुठेही लागलं नाही. मग तिने आपल्या नांदेडच्या फ्लॅटमध्ये तसंच शिरून बघायचं ठरवलं. दार उघडलं. आणि पुढे काही येईचना. नुसते फोटो आले, कोपऱ्यातून काढलेले, उजळ.

विष्णुपुरीला उतरून तिसरा मजला चढेपर्यंत साडेसहा झाले. मृत्युंजय सरांचे दोन मेसेज येऊन गेले होते. मॅडम, माहिती? आणि नुसतंच, मॅडम? आतून टीव्हीचा आवाज येत होता. तिने किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या, आणि खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग तशीच ठेवून डोळे घट्ट मिटले. बघू तरी. आईची खुर्ची गॅलरीच्या दाराशी. दहा पावलं असतील, फार तर बारा.

तिसऱ्या पावलाला ढोपर कशाला तरी आपटलं. दचकून तिने हात पुढे केला, हाताला गार काहीतरी लागलं, फ्रिज, पण फ्रिज इथे कुठे… मागच्या महिन्यात आपणच सरकवला की, खोली मोठी दिसते म्हणून. ती उभी राहिली. टीव्हीचा आवाज बंद झाला.

'राजू? तूच का गं?' आई. 'थांब, सरळ येऊ नको. फ्रिजला हात ठिव. आता डाव्या अंगानं ये. सांभाळ, तुझा तो तीन पायाचा स्टँड असंल तिथंच कुठं तरी. सकाळी व्हता.'

राजकन्येने डोळे उघडले नाहीत. 'तुला कसं माहीत, आई?'

'पडला की मगाशी माझ्या पायात. पाण्याला उठले व्हते.' आईचा आवाज साधा होता, भाजीत मीठ कमी आहे हे सांगताना असतो तसा. 'तू रोज कुठं काय ठिवतीस, कळत न्हाई बग. म्हणून म्या उठतच न्हाई फारशी. बसून राहते. बरं असतंय.'

दोन वर्षं. दोन वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती, आईचं मन लागत नाही नांदेडला, नुसती बसून असते, काय करावं. खिशात मोबाइल थरथरला आणि थांबला. त्या रिकाम्या ओळीत काय लिहायचं ते एकदा अगदी जवळ आलं, आणि परत लांब गेलं. लातूरला या वेळी खिडकीत अंधार पडला असेल, आणि पेटी तिथेच असेल, चार डागांवर, आणि मिश्री तिच्यासमोर बसली असेल, पाय उचलावा की नाही या विचारात.

'आलीस का?' आईने विचारलं.

'आले,' राजकन्या म्हणाली, पण ती हलली नाही. बॅगेचा पट्टा खांद्यात रुतत होता, ती उतरवायला हवी होती; आणि मिटल्या डोळ्यांनी ती तशीच उभी राहिली, बॅग कुठे ठेवावी ते तिला कळेना.