मिनासेवरची पवित्र पेटी

मिनासे या हलक्या क्रूझरने युद्धात काय पराक्रम केला, असं विचारलं असतं तर तोक्योचा रेडिओ आणि जहाजावरचा मुख्य खानसामा यांची उत्तरं कधीच जुळली नसती. रेडिओच्या म्हणण्याप्रमाणे तिने शत्रूची एक क्रूझर बुडवली होती आणि पुढच्या वसंतात तीच क्रूझर पुन्हा बुडवली होती. खानसाम्याच्या म्हणण्याप्रमाणे तिने बेटांवर सैनिक नेले, सैनिक उपाशी आहेत असं कळल्यावर तांदूळ नेला आणि तांदूळ पोचेपर्यंत जे उरले होते त्यांना परत आणलं. तोफा डागल्या त्या बहुतेक विमानांवर. विमानांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही.

लेफ्टनंट इसोगाई हा मिनासेचा कोठार-अधिकारी. तांदूळ, मिसो, साबण, मोजे, सगळं त्याच्या ताब्यात. त्याच्याकडून जादा साबणाची वडी काढण्यापेक्षा शत्रूचं बंदर घेणं सोपं, असं खलाशी म्हणत. इसोगाईला हे ठाऊक होतं आणि त्याला ते प्रशस्तिपत्रकच वाटे.

जहाजावर एकच वस्तू अशी होती जिच्यापुढे तांदूळही क्षुल्लक होता. ती म्हणजे सम्राटांची तसबीर. एरवी ती कप्तानाच्या केबिनमधल्या देव्हाऱ्यात असे. लढाईचा भोंगा झाला की तिची किरी नावाच्या हलक्या लाकडाची पेटी पांढऱ्या कापडात गुंडाळून उजव्या कुशीतल्या खालच्या राखीव बिनतारी खोलीत नेत. चिलखती पत्र्यामागची ती जहाजातली सगळ्यात सुरक्षित जागा होती. म्हणूनच तिथे माणसं ठेवलेली नव्हती, पेटीचा एक पहारेकरी सोडून. पेटीला हात लावायचा तर पांढरे हातमोजे हवेत, अंगात समारंभाचा गणवेश हवा आणि हुद्दा अधिकाऱ्याचा हवा. जहाज बुडू लागलं तर आधी तसबीर, मग माणसं, हा क्रम प्रत्येक खलाशाला तोंडपाठ होता. पोहता येत नसलेल्यांनाही.

शोवा एकोणिसाव्या वर्षाच्या, म्हणजे १९४४च्या उन्हाळ्यात, दक्षिणेच्या समुद्रात, भर दुपारी पाणबुडीचा टॉर्पेडो मिनासेच्या डाव्या कुशीत शिरला. सकाळी विमानं दिसल्यामुळे लढाईचा भोंगा आधीच झाला होता आणि पेटी खाली गेली होती. जहाज डावीकडे कललं आणि कलत राहिलं. डाव्या बाजूच्या बॉयलरखोलीत स्टोकर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून आग जिवंत ठेवत होते. ती विझली की पंप बंद, आणि पंप बंद की सगळंच बंद.

मुख्य इंजिनिअर धापा टाकत ब्रिजवर आला. "कप्तानसाहेब, उजवीकडच्या खोल्यांत पाणी सोडायला हवं. नाहीतर उलटणार आपण."

कप्तान कुरामोची यांनी मान हलवली. "सोडा."

"सगळ्या सोडल्यात. एकच उरलीय. राखीव बिनतारी खोली."

उपकप्तान उशिओदा यांचा चेहरा पांढराफटक पडला. तसबिरीची जबाबदारी त्यांची होती आणि मिनासेवर येण्याआधी नौदल विद्यालयात ते राजनिष्ठेवर व्याख्यानं देत.

"तिथे पाणी?" ते किंचाळले. "डोकं फिरलंय का तुमचं? तिथे तसबीर आहे!"

"बॉयलरपाशी माणसं आहेत, साहेब."

"माणसं आहेत हे मलाही ठाऊक आहे! आधी पेटी वर येईल. रीतसर. मी स्वतः आणतो. माझा पांढरा गणवेश आणा!"

उपकप्तानांचा पांढरा गणवेश डाव्या बाजूच्या केबिनमध्ये होता आणि ती केबिन आता समुद्रात मोडत होती. दुसऱ्या कुणाचा गणवेश त्यांना होईना. मग हातमोज्यांचा शोध सुरू झाला. ही मात्र कोठाराची बाब होती, म्हणून इसोगाईला हाक आली.

इसोगाईने हातमोज्यांचे दोन जोड आणले, एक उपकप्तानांच्या हातावर ठेवला आणि दुसरा घेऊन, त्यांची पँट आखूड आहे की लांब याचा वाद सुरू असताना स्वतः शिडीने खाली गेला. खालच्या वाटेत धूर होता आणि वाफ होती. राखीव खोलीचं झाकण जहाज कलता कलता वाकून चौकटीत रुतलं होतं. त्याने ते ओढलं, लाथा मारल्या, लोखंडी दांडा घालून पाहिला. झाकण राजनिष्ठ होतं, हललं नाही. आत कुणी आहे का, म्हणून त्याने हाका मारल्या. कुणी नव्हतं. पहाऱ्यावरचा खलाशी जागा सोडून पंप चालवायला पळाला होता. त्या एका गुन्ह्यामुळे तो जिवंत राहिला आणि त्याच गुन्ह्यासाठी पुढे त्याची रजा कापली गेली.

वर जाऊन खरं सांगितलं तर काय होईल, हे इसोगाईला लख्ख दिसलं. उपकप्तान गॅसकटर मागवतील, झाकण कापायला लावतील, आणि कापून होईपर्यंत मिनासे पालथी पडलेली असेल. तसबिरीसकट, स्टोकरांसकट, आणि हे त्याच्या मनात सगळ्यात शेवटी आलं, इसोगाईसकट.

तो ब्रिजवर परतला आणि ताठ उभा राहिला. "तसबीर वर आणली, साहेब. सुखरूप आहे."

"कुठे आहे?" उपकप्तानांनी विचारलं.

"वरच्या कोठारात. स्वच्छ तांदळाच्या पोत्यांवर. जहाजात कोरडी जागा तेवढीच उरलीय."

कप्तान कुरामोचींनी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते कोपरापर्यंत काळे होते.

"हातमोजे?"

"मळले, कप्तानसाहेब. टाकून दिले."

"टाकून दिले," कप्तान म्हणाले. "तुम्ही." या माणसाने सैनिकाचा फाटका मोजासुद्धा परत घेऊन रफू करवला होता. कप्तान इंजिनिअरकडे वळले. "ऐकलंत ना? सोडा पाणी."

मिनासे हळूहळू सरळ झाली. पूर्ण नाही, पण बेड्या ठोकलेल्या कैद्याइतपत चालती झाली. स्टोकर वर आले. जहाज बंदराकडे निघालं आणि इसोगाई पेटीच्या शोधात निघाला, कारण उपकप्तानांनी संध्याकाळी तसबिरीपुढे कृतज्ञतेची सलामी ठरवली होती.

किरी लाकडाची तशी दुसरी पेटी जहाजावर एकच होती. नव्या वर्षाला एका ॲडमिरलने तिच्यातून कप्तानांना कात्सुओबुशी भेट दिली होती, धुरावून लाकडासारखा कडक केलेला कुपा मासा, किसून सारात घालायचा. विजयाच्या मेजवानीसाठी ती राखून ठेवली होती. म्हणजे ती तशीच राहणार, अशी इसोगाईची खात्री होती. त्याने मासा काढून पाहिला तर पेटी फारच हलकी लागली. काचेच्या तसबिरीला वजन असतं. त्याने मासा परत आत ठेवला, पेटी पांढऱ्या कापडात गुंडाळली, नवे हातमोजे चढवले आणि सम्राटांच्या जागी मासा देव्हाऱ्यात बसवला. हे सिद्ध झालं तर स्वतःचं पोट फाडण्याची परवानगी मिळणं हीसुद्धा मेहेरबानी ठरली असती.

दुसऱ्या दिवशी मुख्य खानसामा मुराकोशी त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. जाडजूड, नाकाने तिखट माणूस.

"साहेब, कात्सुओबुशीची पेटी सापडत नाही."

"बुडाली."

"ती वरच्या कोठारात होती, साहेब."

"वरून बुडाली."

मुराकोशीने मान डोलावली. "बरोबर आहे. टॉर्पेडोच तसा होता." आणि तो निघून गेला.

माणसांची तोंडं बंद करता येतात. अडचण गोंबेईची होती. गोंबेई हा जहाजावरचा तिरंगी बोका. तिरंगी बोका लाखात एखादा, म्हणून खलाशी त्याला शुभ मानत आणि त्याच्या भरवशावर टॉर्पेडो चुकतील असं समजत. आजवर उंदरांपलीकडे कशात लक्ष न घालणारा हा बोका त्या दिवसापासून देव्हाऱ्यापुढे ठाण मांडून बसला. रोज सकाळी अधिकारी सलामीला येत, तेव्हा गोंबेई त्यांच्या आधीपासून हजर असे, मान वर, डोळे पेटीवर, शेपूट पायाभोवती नीट गुंडाळलेली.

उपकप्तानांचे डोळे भरून आले. "पाहा," ते तरुण अधिकाऱ्यांना म्हणाले. "मुक्या जनावराला कळतं. आणि तुमच्यातले काही जण सलामीत कोपर वाकडं ठेवतात!"

"साहेब, तो ओठ चाटतोय," एक सबलेफ्टनंट पुटपुटला.

"भावना अनावर झाल्यात त्याच्या. शिका काहीतरी!"

जहाज शोनानला, म्हणजे जपानी ताब्यातल्या सिंगापूरला पोचलं तेव्हा ही गोष्ट बंदरभर झाली होती. एका वार्ताहराने बोक्याचा फोटो काढला आणि त्याच्या निष्ठेवर अर्धा रकाना लिहिला. मिनासेला टॉर्पेडो लागल्याचा उल्लेख त्यात नव्हता. तशी गोष्ट छापायला परवानगी नव्हती.

मग नौदल मुख्यालयाचा हुकूम आला. जहाज सुक्या गोदीत जाणार, तर तसबीर किनाऱ्यावर जमा करावी. मुख्यालयाचा अधिकारी स्वतः येईल, पेटी उघडून तसबिरीची स्थिती पाहील आणि ताब्यात घेईल. उपकप्तान आनंदाने देव्हारा पुसवू लागले. इसोगाईचं जेवण तुटलं.

आदल्या दिवशी तो कप्तानांच्या केबिनमध्ये गेला. देव्हाऱ्यापुढे गोंबेई होताच.

"कप्तानसाहेब, मला एक सांगायचंय. त्या दिवशी राखीव खोलीत..."

"थांबा," कुरामोची म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तर मला ऐकावं लागेल. ऐकलं तर मला पोट फाडावं लागेल, मागोमाग तुम्हाला. मग कोठार कोण पाहणार? उशिओदा?"



कप्तानांनी खाली वाकून बोक्याचं डोकं खाजवलं. "नव्या वर्षाला मला एक भेट आली होती. तिचा वास मला अजून आठवतो. म्हणजे, या केबिनमध्ये झोपलो की आठवतो."

"साहेब..."

"दमट हवा, इसोगाई. खारं पाणी. मला वाटतं तसबिरीला बुरशी लागलीय."

"पेटी न उघडता कसं कळणार, साहेब?"

"न उघडता कळतं, म्हणून तर आपण ती कधी उघडत नाही. खराब झालेल्या तसबिरीचं काय करायचं, नियम काय म्हणतो?"

"आदरपूर्वक दहन. कप्तानाच्या अधिकारात." "पण मुख्यालयाचा माणूस पेटी उघडून पाहायची म्हणाला तर?"

"तर मी त्याला विचारेन, बुरशी लागलेल्या त्या चेहऱ्याकडे पाहण्याची हिंमत त्याच्यात आहे का. लेखी."

त्याच्यात नव्हती. मुख्यालयाचा अधिकारी, तलवार आणि पदकं लावून आलेला कमांडर, ते ऐकून दोन पावलं मागे सरकला आणि दहनाला साक्षीदार म्हणून राहायला ताबडतोब कबूल झाला.

मागच्या डेकवर पांढरा रंग दिलेलं लोखंडी पिंप ठेवून त्यात आग पेटवली. सगळं जहाज रांगेत उभं राहिलं. बिगुल वाजला. उपकप्तानांनी, या खेपेला मापाच्या गणवेशात, पेटी दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलली आणि आगीत ठेवली. किरीचं लाकूड भुरभुर पेटलं.

मग वास आला.

आधी धुराचा आणि मागून माशाचा. भाजलेला, गोडसर, आईच्या स्वयंपाकघरातला. रांगेत उभ्या असलेल्यांनी कित्येक महिने सातूमिश्रित भात आणि रताळ्याचे देठ खाल्ले होते. सलामीचे हात ताठ होते, पण गळ्यातल्या घाट्या वरखाली होऊ लागल्या. एका स्टोकरचं पोट बिगुलाच्या वरताण वाजलं. कुणाला घर आठवलं, कुणाला सार, आणि बऱ्याच जणांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मुख्यालयाच्या कमांडरने रुमाल काढून तोंड पुसलं. अहवालात त्याने डोळे पुसले असं लिहिलं.

"पवित्र सुगंध," उपकप्तान कापऱ्या आवाजात म्हणाले.

इसोगाईमागे उभा असलेला मुराकोशी ओठ न हलवता बोलला, "साहेब, वीस माणसांचं सार झालं असतं."

"गप्प."

"गप्पच आहे. पण इतका वेळ भाजायचा नसतो."

गोंबेई पिंपाभोवती फेऱ्या घालत मोठमोठ्याने रडत होता. त्याला कुणी हाकललं नाही. सगळ्या जहाजात मनापासून शोक करणारा तो एकटाच होता.

मिनासे गोदीत चढली. राखीव खोलीचं पाणी उपसून झाकण कापलं तेव्हा, कोठाराचं सामान पाहायचं आहे असं सांगून, इसोगाई सगळ्यांच्या आधी आत उतरला. चिखलात पेटी होती, फुगून उकललेली. त्याने हातमोजे घातले नाहीत. काच शाबूत होती. काचेमागे कागद होता, पाण्याने धुऊन निघालेला, पांढरा, डाग पडलेला, त्यावर ना चेहरा ना पदकं. सवयीने त्याचा हात सलामीला निम्मा वर गेला. मग त्याने त्याच हाताने पेटी कोठाराच्या पोत्यात घातली.

स्वयंपाकघराच्या चुलीत ओलं लाकूड पेटेना. मुराकोशीने काही न विचारता ते भाताच्या कढईमागे वाळत ठेवलं आणि वर एक फडकं टाकलं. इसोगाई चुलीशी स्टुलावर बसून राहिला. ते जळून जाईपर्यंत त्याला तिथून हलायचं नव्हतं.

गोंबेई स्वयंपाकघरात आला. इसोगाईने फडकं पेटीवर आणखी ओढलं. बोका चुलीशी गेला, फडक्याखालच्या पेटीजवळून शेपूट उंच धरून चालत पुढे गेला आणि मुराकोशीच्या पायाशी बसून रिकाम्या ताटलीकडे पाहू लागला. पेटीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.