एकदाच फिरणारा डबा

मित्रांनो, मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर घोडा आहे. त्याचा एक पाय गंजाने खाल्ला, तरी तो अजून रुबाबात उभा आहे, आणि मीही त्याच्याच वळणावर गेलो आहे.

नाताळची भेट म्हणून मी कारखान्यातून ग्लेनिसबाईंच्या घरी आलो. त्या निवृत्त झाल्यावर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी सकाळी परदेशातून आलेल्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवू लागल्या आणि मलाही तिथे नेलं. परीक्षा नाही, फी नाही. गप्पा, चहा आणि मी.

बाईंचा नियम एकच होता. "कळलं नाही तर माना डोलवू नका. 'म्हणजे असं का?' असं विचारा. विचारल्याने कुणी मरत नाही."

चहाच्या वेळी मी टेबलाभोवती फिरायचो. एकदाच. कुणी नको म्हणालं की मी पुढे. बाईंच्या घरची रीतच तशी होती.

फरीबा इराणहून आली होती. नवरा दिवसभर बेकरीत, शेजारी कुणी ओळखीचं नाही. आठवड्यात ती माणसांत बसायची ती गुरुवारीच. मी समोर आलो की ती हसून "नको, थँक्यू" म्हणे आणि मी पुढे सरकलो की माझ्याकडे बघत राही. असे सात गुरुवार गेले. बाईंना वाटलं, हिला गोड आवडत नाही.

आठव्या गुरुवारी फरीबा कोट न काढताच बसली. चहा आटोपल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळेपासून मी येणार नाही."

"बरं पोरी, तुझी मर्जी," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला, पण खोदून विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी तळमळलो. पण मला तोंड म्हणजे नुसतं झाकण.

बोलली ती बोग्ना, पोलंडची, जिभेने फटकळ. "थांब गं. मला कळलं नाही. तू नको म्हणतेस आणि डब्याकडे बघतेस. म्हणजे तुला हवं असतं का?"

फरीबा लाल झाली. "आमच्याकडे पहिल्यांदाच हो म्हणणारा हावरट ठरतो. तीनदा आग्रह करतात, मग घ्यायचं. इथे मला कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. वाटलं, मीच नकोय तुम्हाला."

"अगं, आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे गळ्यात पडणं," बाई म्हणाल्या. "आईने कान उपटले असते माझे."

मग त्यांनी मला उचलून तिच्यापुढे धरलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. फरीबाने दोन बिस्किटं घेतली आणि कोट काढला. त्या दिवशी मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पुढची चार वर्षं मी तीन-तीन फेऱ्या मारल्या. मग छप्पर गळायला लागलं आणि हॉल बंद करायचं ठरलं. शेवटच्या गुरुवारी सगळे गेले. बाई आणि फरीबा कप विसळत मागे राहिल्या.

"ग्लेनिस-जान, रविवारी जेवायला या."

"नको गं, उगाच तुला त्रास."

"म्हणजे यायचं नाही, की मला त्रास द्यायचा नाही?"

बाई तोच कप पुसत राहिल्या. नवरा गेल्यापासून त्या रविवारी एकट्याच जेवत. वर्गात हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"त्रास द्यायचा नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"मग एक वाजता."

दोघी बोलत बोलत बाहेर पडल्या. मी हॉलच्या कपाटातच राहिलो. बाईंना वाटलं असेल फरीबाने मला घेतलं, फरीबाला वाटलं असेल बाईंनी. माझा त्यांच्यावर राग नाही. पण गुरुवार उजाडतो, कुणी येत नाही आणि मला फार एकटं वाटतं.

मित्रांनो, कुणी नको म्हणालं तर लगेच पुढे सरकू नका. थांबा, पुन्हा विचारा. मी सात गुरुवार पुढे सरकलो आहे. आता मला कुणी घरी न्यायला आलं, तर मी पहिल्यांदाच हो म्हणेन. हावरट म्हणा हवं तर.