गप्प माणसाची टेप

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. एक बटण झिजलंय, बॅटरीचं झाकण रबरबँडने धरून ठेवलंय, पण कान अजून तिखट आहेत हो! कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, गाणी वाजवीन, मिरवीन. नशिबात निघालं मानसशास्त्राचं संशोधन. आता म्हणतो, बरंच झालं.

मला विकत घेतलं ताईने. घरातल्या माणसाला विसरण्याचा आजार जडला की त्याचं सगळं करणाऱ्याचाही जीव मेटाकुटीला येतो. अशा लोकांचा एक गट इस्पितळात दर आठवड्याला जमायचा. त्याने त्यांना खरंच बरं वाटतं का, हे ताई शोधत होती. आधी सगळे प्रश्नावली भरायचे: झोप लागते का, रडू किती वेळा येतं. मग ताई माझ्यावर फुंकर मारून बघायची आणि म्हणायची, "बोला, घाई नाही."

त्या प्रश्नावल्यांचा हिशोब मांडायचे ताईचे सहकारी, आमचे आकडेकाका. माणूस सज्जन, पण मला बघून नाक मुरडायचे. "गप्पा म्हणजे पुरावा नव्हे," म्हणायचे. मी मनात म्हणायचो, आकड्यांना कुठे हुंदका येतो?

एके दिवशी काका तोंड पाडून आले. "ताई, गटात आल्यापासून लोक जास्त रडतायत. हे इस्पितळाने वाचलं तर गट बंदच करतील."

ताईने मला पुढे ओढलं आणि एक टेप लावली. सासूचं करणाऱ्या एका सुनेचा आवाज आला, "घरी रडायची सोय नाही हो. सासूबाई घाबरतात, मुलं बावरतात. इथे पोटभर रडते, मग घरी जाऊन दोन घास नीट जेवते." मग दुसरी टेप, तिसरी टेप. तीच गत.

काकांनी चष्मा काढला. "अरे देवा! मी यांचं सुख दुःखाच्या खात्यात घालत होतो."

मी असा फुगलो, असा फुगलो, की रबरबँड तुटायचाच बाकी होता! पण गर्वाचं घर खाली. कोऱ्या टेपा संपल्या होत्या, म्हणून ताईने एक पुसायला काढली. बायकोचं सगळं करणाऱ्या एका निवृत्त पोस्टमनची होती. तीत होतं काय? "ठीक आहे. चाललंय." बाकी नुसती शांतता. मलाही ती टाकाऊच वाटली होती.

"थांब, कुणाची आहे?" काकांनी कागद चाळले. "अगं, सगळ्यांत वाईट झोप याचीच! आणि रडण्यापुढे शून्य. बाकीचे सावरतायत, हा एकटा खचत चाललाय."

ताईने आवाज वाढवून टेप पुन्हा ऐकली. बोलायला घेतलेला श्वास, खाकरलेला घसा, मग पुन्हा काही नाही. शेवटी खुर्ची सरकली आणि पुटपुटणं ऐकू आलं, "निघतो. ती एकटी असेल."

ताई दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेली. मग इस्पितळाला तिने आकडे आणि आवाज शेजारी शेजारी मांडून दाखवले. गट टिकला. वर आजारी माणसांना बसवायला शेजारची खोली मिळाली, सोबतीला एक परिचारिकाही.

पोस्टमन बायकोला घेऊन येऊ लागले. बरेच दिवस नुसते बसायचे. एकदा मात्र मी चालू असताना म्हणाले, "काल दार उघडून ती मला म्हणाली, पाहुणे, कुणाकडे आलात?" आणि ते हमसून हमसून रडले. सुनेने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

आता माझं काम फोन करतो. ताईने मात्र मला फडक्यात गुंडाळून जपलंय, तिचे उपकार फिटायचे नाहीत. तुम्हीही जुन्या यंत्रांतल्या बॅटऱ्या काढून ठेवत जा, मित्रांनो. आणि कुणी "ठीक आहे" म्हणालं, तर झोप लागते का तेही विचारा.

हो, एक सांगायचं राहिलंच. त्या रडण्यानंतरची प्रश्नावली आली, तेव्हा पोस्टमनच्या कागदावर रडण्यापुढे शून्य नव्हतं. एक होता. काका त्या एकाकडे बघत राहिले आणि त्यांनी गुपचूप डोळे पुसले. आकड्यांना हुंदका येत नाही म्हणालो होतो ना मी? येतो, मित्रांनो. मी ऐकलाय.