अडुसष्टचा गळका रेडिएटर

गुणाजी भोईरांच्या गाडीला अस्सलपणाचा दाखला मिळाला नाही.

हे वाक्य आपण अजून वाचलेलंच नाही असं समजू. रविवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत, आणि योगिनी सावंत आत्ता कुठे माजिवड्याला रिक्षातून उतरते आहे. हातात फॉर्म, पर्समध्ये टॉर्च, आणि समोर नाक्यावर बारा फुटी बॅनर: ‘ठाणे जिल्ह्यातील एकमेव अस्सल स्पोर्ट्स कार म्हणून प्रमाणित झाल्याबद्दल गुणाजीशेठ भोईर यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली चौदा शुभेच्छुकांचे फोटो. पंधरावा फोटो गाडीचा. तिलाही गॉगल लावलेला.

प्रमाणित योगिनी करणार होती. ती अजून पोचायची होती.

योगिनी डोंबिवलीची, वय सव्वीस. तिच्या वडिलांचं विठ्ठलवाडी स्टेशनजवळ रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. इतर मुलं अक्षर बघून वही कोणाची ते ओळखायची त्या वयात ही झाळकामाचा डाग बघून रेडिएटरला कोणाचा हात लागलाय ते सांगायची. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळानं तिला इंजिन थंड ठेवणारे भाग तपासायचं काम दिलं होतं, कारण मंडळातल्या बाकी सगळ्यांना फक्त गाडी बाहेरून पुसण्यात रस होता.

“ये गो बाय, आधी जेव,” गुणाजी म्हणाले. पंच्याहत्तरीचे, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. शर्टाची घडी अजून मोडायला तयार नव्हती.

“काका, आधी गाडी.”

“गारी कुठं पलतेय?”

“तेच बघायला आलेय.”

शेडमध्ये ती उभी होती. लाल, बुटकी, विलायती, दोन सीटांची. जमीन विकली गेली तेव्हा बाकीच्या भावकीनं जीप घेतल्या, बुलेट घेतल्या, एकानं नुसताच भला मोठा सोफा घेतला. गुणाजींनी ही घेतली. आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, सगुणानं, गाडीभोवती एक फेरी मारून निकाल दिला होता, “तुमाला डुप्लिकेट दिली.” पुढची तीस वर्षं ती हेच म्हणत राहिली. दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता. त्यामुळे दाखला गुणाजींना गावाला नव्हे, एकाच माणसाला दाखवायचा होता, आणि ते माणूस आता ओसरीवर फोटोत हसत होतं.

योगिनीनं बॉनेट उघडलं. गुणाजींचा मुलगा मयूर, ज्यानं बॅनर लावला होता, मोबाईलवर शूटिंग करायला लागला.

“रेडिएटरचं झाकण मूळ नाही,” योगिनी म्हणाली. “यावर दाबाचा आकडा तेरा आहे. या गाडीला सातचं येतं.”

मयूरनं शूटिंग थांबवलं.

“हा पाण्याचा पाइप ट्रकचा. मूळ पाइप वळणासकटच साच्यातून निघतो. हा सरळ होता, जबरदस्तीनं वाकवलाय. बघा, वळणावर कशा आठ्या पडल्यात.”

“खोपटवरनं आनलेला,” गुणाजी म्हणाले. “दुकानदार बोल्ला, शेम टू शेम.”

“पंखा प्लास्टिकचा. मूळचा पत्र्याचा असतो, रिबिटं मारलेला.”

“ताई,” मयूर कळवळून म्हणाला, “बॅनर सीसीटीव्हीत पण दिसतोय यार.”

योगिनी खाली वाकली. टॉर्च रेडिएटरच्या वरच्या पितळी टाकीवर धरला आणि बोटानं काजळी पुसली.

“इथे पट्टी आहे. तीन, अडुसष्ट. म्हणजे मार्च अडुसष्टची. आणि डाग कारखान्याचा आहे, बारीक, एका ओळीत. आमच्याकडच्या डागाला पोट सुटतं.” ती सरळ झाली. “काका, रेडिएटर ओरिजिनल आहे. कोणाचा हातच लागलेला नाही. नियमाप्रमाणे तेवढं पुरतं.”

मयूरनं लगेच बँजो पार्टीला फोन लावला. गुणाजींनी ओसरीकडे बघितलं. बघण्यात फार तोरा नव्हता, पण थोडा होता.

“आत फक्त स्वच्छ असायला हवा,” योगिनी म्हणाली आणि झाकण काढून तिनं आत बोट घातलं.

बोट पिवळं निघालं. तिनं वास घेतला. परत घेतला.

“काका, यात हळद आहे.”

“हाय,” गुणाजी म्हणाले.

“किती?”

“तीस वर्सांची.”

रेडिएटर गळायला लागला की आत चमचाभर हळद सोडायची, ती जाऊन भोकात बसते, हा उपाय योगिनीला माहीत होता. पण तो घरी पोचेपर्यंतचा. इथे सगुणा दर रविवारी हळद टाकत आली होती. एकदा गडबडीत तिनं घरचा लाल मसाला टाकला. त्या संध्याकाळी गाडी घोडबंदर रोडवरून जाताना मागचे चार रिक्षावाले घरी फोन करून विचारत होते, आज कालवण कसलं.

“पण काका, एवढी वर्षं गळत होता, तर दुरुस्त का नाही केलात? बदलायचा तरी.”

गुणाजी मडगार्डवर टेकले. शर्टाची घडी शेवटी मोडली.

“घरात सोला मानसं होती गो. बायकोशी दोन शब्द बोलाला जागा नव्हती. म्हनून दोन शिटांची गारी घेतली. तिसरा बसूच शकत नाय. रविवारी निघायचो, गायमुखला गेलो का ही तापाची. मंग निवेपर्यंत अर्धा तास खारीच्या पान्याच्या कडेला बसून राव्हाचं.”

“काय बोलायचात?”

“मी काय बोलनार? ती बोलाची. कोन कोनाला काय बोल्ला, कोनाच्या भाकरीला काठ नाय. मी ऐकाचो. एकदा मी नवा रेडिएटर बघून आलो. तिला सांगितलं तर गप बसली. मंग बोल्ली, ‘आता थांबाचं कुठं?’”

गुणाजींनी नवा रेडिएटर आणला नाही. म्हणून जुना राहिला. म्हणून तो मूळ होता.

मयूरनं बँजोवाल्याला होल्डवर ठेवलं. वडिलांनी आईबद्दल सलग एवढी वाक्यं बोललेली त्यानं पहिल्यांदा ऐकली होती.

“विठ्ठलवाडीला माझ्या बाबांकडे नेला तर दोन तासांत धुऊन मिळेल,” योगिनी हळूच म्हणाली. “दाखला आजच देते.”

“धुतला का सगली जाईल?”

“सगळी.”

“थोरी पन नाय राव्हाची?”

“नाही, काका.”

गुणाजींनी रेडिएटरवर हात ठेवला. मग ओसरीकडे बघून म्हणाले, “र्‍हाऊ दे. डुप्लिकेट तर डुप्लिकेट. तिचंच खरं.”

“पप्पा, पण...” मयूर म्हणाला, मग त्याचं लक्ष वडिलांच्या हाताकडे गेलं. “मी बॅनरचं बघतो.”

फॉर्मवर रकाना होता: ‘यंत्रणेत परके द्रव्य आढळले काय? होय / नाही.’ ‘नाही’वर खूण केली असती तर कोणाला कळलं नसतं. पण योगिनीला रेडिएटरबद्दल खोटं बोलता येत नसे. घरात ते लगेच ओळखलं जाई. आणि ‘होय’ लिहावं, तर ‘परके’ या शब्दावर पेन अडत होतं. तिनं दोन्ही पर्याय खोडले, फॉर्म उलटा केला, बॉनेटवर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं.

‘प्रति, मा. सचिव, तपासणी उपसमिती.

विषय: मूळ भागांच्या यादीत हळदीचा समावेश करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर वाहनाच्या रेडिएटरमध्ये आढळलेली हळद ही कै. सगुणा गुणाजी भोईर यांनी स्वहस्ते, दर रविवारी, सुमारे तीस वर्षे भरलेली असून तिचा पर्यायी भाग बाजारात उपलब्ध नाही. तरी सदर हळद परके द्रव्य न समजता वाहनाचा मूळ भाग समजण्यात यावी, तसेच सदर गळती कायमस्वरूपी चालू ठेवण्यास व वाहन गायमुख येथे दर रविवारी अर्धा तास दोन आसनांसह थांबविण्यास, एक आसन रिकामे असले तरी, मंडळाची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’