मागच्या अंगणातले सिमेंटचे डाग

गल्लीत त्याला सगळे कंडक्टरच म्हणायचे. नोकरी संपली तरी हुद्दा चिकटून राहिला होता. भाजीच्या दुकानात रांग लावली की कुणीतरी हटकून म्हणायचं, "कंडक्टर, पुढे सरका, पुढे जागा आहे." तोही हसायचा. दिवसभरात त्याच्याशी समोरासमोर कुणी बोललेलं बहुधा तेवढंच असायचं.

बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली आणि तिकडेच राहिली. नात पालथी पडली, रांगली, भिंतीला धरून उभी राहिली, आणि बायकोचं परत येणं दर वेळी थोडं पुढे ढकललं गेलं. आधी बाळाला दात येत होते. मग लेकीची रजा संपली. पुढे पुढे कारण सांगायचंही बंद झालं. भांडणतंटा काही नव्हता. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, जेवलात का, गोळी घेतलीत का, एवढं विचारून व्हायचं, मागे नात रडायची, आणि ती म्हणायची, "ठेवते हं." फोन ठेवल्यावर घर आणखीच खायला उठायचं.

तो एकदाच रांधायचा आणि तेच दिवसभर पुरवायचा. रेडिओ चालू ठेवायचा, ऐकायला नव्हे, कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. एकदा बाहेर पडताना दार ओढून घेताना सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "कुणी राहिलंय का?" बस डेपोत नेण्याआधी रिकाम्या सिटांवरून नजर फिरवत तो हे विचारायचा. आतून अर्थातच उत्तर आलं नाही. तो कडीला हात लावून तसाच उभा राहिला, आणि मग कशासाठी बाहेर निघालो होतो तेच त्याला आठवेना.

त्याच दिवशी त्याने मागच्या अंगणात दगडी फरशी घालायचं ठरवलं.

ती मागणी बायकोची होती, फार जुनी. मागे नुसती माती होती, पाणी सांडलं की चिखल. "दगडी फरशी घाला हो, चार खुर्च्या टाकून बसता येईल," असं ती म्हणायची, आणि तो म्हणायचा, "बघू." त्या 'बघू'मध्ये लेक शाळेतून कॉलेजात गेली, लग्न होऊन सासरी गेली. आता त्याला वाटलं, अंगण करून टाकावं. तिला काही सांगायचं नाही. आली की थेट दाखवायचं.

गवंडी तोंडाने गोड होता आणि फरश्या त्याने खरोखर एका पातळीत बसवल्या. दगड काळसर करडा, हात फिरवला की थंड, मऊ लागणारा. पण शेवटच्या दिवशी त्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. सांधे भरताना त्याने सिमेंटचा माल भसाभस ओतला, वर आलेला माल घाणेरड्या फडक्याने पुसला, म्हणजे खरं तर पसरवला, आणि थापी धुऊन चालता झाला. "दोन-चारदा धुतलं की जातील डाग," एवढं जाताना म्हणाला. वाळल्यावर सगळं अंगण पिठाचा हात फिरवल्यासारखं दिसायला लागलं. कडांना सिमेंटचे टणक गोळे, मधे पांढुरके फराटे. चारदा काय, बादल्यांवर बादल्या ओतल्या तरी डाग ढिम्म. गवंड्याने फोन उचलणं सोडून दिलं.

आणि नेमकं तेव्हाच बायकोने रोजच्या फोनवर सांगितलं. "पुढच्या आठवड्यात येतेय. जावईबापूंचं तिकडे काम आहे, ते सोडतील." थोडं थांबून ती म्हणाली, "चार दिवस."

त्याने 'येतेय' तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने संडास धुवायचं ॲसिड आणलं आणि मधल्याच एका फरशीवर ओतलं. फरशी फसफसली, नाकाडोळ्यांत झोंबलं, खोकत खोकत तो दारापर्यंत आला. धुऊन बघतो तर डाग गेला होता, पण त्याबरोबर दगडाचा रंगही गेला होता. तेवढा एक चौकोन फिकट, खरखरीत झाला होता, सतराशे वेळा धुतलेल्या चादरीसारखा. आगीतून फुफाट्यात. त्याने उरलेलं ॲसिड झाकण घट्ट लावून वर माळ्यावर ठेवलं, आणि फरशीचा एक उरलेला तुकडा पिशवीत घालून दगडांच्या वखारीत गेला.

वखारीची मालकीण टेबलावर डबा उघडून बसली होती. तिने तुकडा हातात घेतला, लिंबाची फोड त्यावर पिळली आणि त्याच्यापुढे धरला. बारीक बुडबुडे येत होते.

"हा दगड आंबट सोसत नाही, काका. लिंबू खातंय त्याला, ॲसिड तर गिळूनच टाकेल. टाकलंत का?"

"एकाच फरशीवर."

"मग ती गेली. बाकीच्यांना हात लावू नका ॲसिडने."

"मग जाणार कसे डाग?"

"हाताने. गोळे आधी लाकडाच्या पाचरीने उडवायचे, एखादा अगदीच हट्टी असला तर बोथट पटाशी, आडवी धरून. पातळ डागावर ओला फडका रात्रभर ठेवा, सकाळी प्लॅस्टिकच्या ब्रशने घासा. उरलं तर बारीक पॉलिश पेपर, पाण्यातून. तारेचा ब्रश नको, चरे पडतात आणि गंज उतरतो." तिने डब्यातला घास घेतला. "वेळ लागेल पण."

"वेळ आहे," तो म्हणाला.

गुडघ्यांखाली पोतं दुमडून तो कामाला बसला. एक फरशी संपली की पोतं पुढे ओढायचं. पाचर ठोकली की गोळा टक्कन उडायचा, कधी नुसता चुरा व्हायचा. ओला फडका ठेवलेल्या जागी सकाळी डाग थोडा सैल झालेला असायचा. घासता घासता खालचा करडा रंग वर यायचा. नखं झिजली, कंबर धरली. पण रेडिओ लावायची आठवण त्याला त्या दिवसांत झाली नाही. घासताना तो मनात बायकोला अंगण दाखवायचा. ती काय म्हणेल, तो काय म्हणेल. 'बघू म्हणालो होतो ना? आता बघ.' मनातली ती दर वेळी हसायची.

ती आली तेव्हा भिंतीकडच्या दोन ओळी राहिल्या होत्या. जावई दारातूनच परत गेला. ती थोडी बारीक झाली होती, केस आखूड कापले होते. त्याने चहाही होऊ दिला नाही, आधी मागचं दार उघडलं.

ती उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली.

"कधी केलंत हे?"

"झालं आता. थोडे डाग राहिलेत तिकडे. ते काढतोय."

"छान झालंय," ती म्हणाली. मग डावीकडच्या कोपऱ्यात बघून तिने विचारलं, "माझी पत्र्याची बादली कुठे गेली?"

"फुटकी ना? दिली भंगारात. का?"

"मी बसायचे तिच्यावर. उपडी घालून."

त्याने खुर्ची आणून नेमकी त्या कोपऱ्यात ठेवली. ती बसली. तो पायरीवर बसला. मोठ्या रस्त्यावरून एक बस गेली, वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला.

"इथे बसलं की बसचे आवाज येतात," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही तर बसमध्येच असायचात. लेक शाळेत गेली की मी इथे बसायचे. वाटायचं, यातली एक तुमची असेल."

"ती फेरीच तशी असायची. सुट्टीलाही डबल ड्यूटी."

"असायची. कधी कधी तुम्ही मागूनही घ्यायचात. तुमच्या साहेबांनी मला सांगितलं होतं एकदा, मी डेपोत डबा द्यायला गेले होते तेव्हा."

खरं होतं ते. गर्दीत त्याला बरं वाटायचं. घरी आलं की काय बोलावं ते सुचायचं नाही.

"भांडायला नाही सांगत," ती म्हणाली. "तुम्ही वाईट नव्हतात. पण या घरात मी किती वर्षं एकटी होते ते तुम्हाला आत्ता कळत असेल. तिकडे मला सकाळी उठल्यापासून कुणीतरी हाक मारतं हो. आजी, आई, मावशी. मला ते सोडवत नाही."

"मग हे?" त्याने अंगणाकडे हात केला.

"हे चांगलंच आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "जरा उशिरा झालं, एवढंच."

चार दिवस ती राहिली. तिने डबे घासून काढले, गाद्यांना ऊन दाखवलं. रोज दुपारी ती खुर्ची टाकून बसायची आणि तो राहिलेले डाग घासायचा. एकदा तिने पदर खोचला, दुसरा ब्रश घेतला आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकले. "इतकं दाबू नका, दगड झिजेल," ती म्हणाली. दोघांनी मिळून एक अख्खी फरशी साफ केली. जळालेल्या फरशीबद्दल तिने काही विचारलं नाही. त्या फरशीवर तिने एक कुंडी सरकवून ठेवली. पाचव्या दिवशी जावई आला आणि ती गेली. गाडीत बसताना तिने त्याच्या सदऱ्यावर उडालेली सिमेंटची पूड झटकली.

उरलेले डाग काढायला फार दिवस लागले नाहीत. शेवटची फरशी धुऊन झाल्यावर तो खुर्चीत बसला. अंगण स्वच्छ होतं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ऊन भिंतीवर चढत गेलं. शेजारी कुणीतरी भांडी लावत होतं. त्याला वाटलं, तेव्हा ती इथे अशीच बसत असेल, हाताला काम नाही आणि उठावंसंही वाटत नाही.

संध्याकाळी त्याने तिच्या फोनची वाट पाहिली नाही. स्वतःच लावला.

"काय झालं?" तिने घाबरून विचारलं.

"काही नाही. झालं सगळं साफ." तो अडखळला. "मी येऊ का तिकडे? थोडे दिवस?"

फोनमध्ये मागे नात काहीतरी फरफटत नेत होती.

"या की," ती म्हणाली. "पण सकाळी मी बागेत असते, बायकांबरोबर. दुपारी बाळाला घेऊन खाली जाते. तुम्हाला बराच वेळ एकट्याला बसावं लागेल."

"बसेन," तो म्हणाला.

"आणि इथे कुणी ओळखीचं नाही तुमच्या."

"नसू दे."

"बरं," ती म्हणाली. "मग स्वेटर आणा. इथे गार असतं."