शेवटून येणारा

"पोरी, शिकारीच्या पंधरवड्यात लेकराच्या अंगावर पांढरं काही नको. हातमोजेसुद्धा नकोत," लीनाचा सासरा रेइनो म्हणाला होता.

लीना हसली होती. "बाबा, हरणाची पांढरी शेपटी नि हातमोजा, एवढा फरक कळत नाही तुमच्या शिकाऱ्यांना?"

"चष्मेवाल्यांना नाही कळत," सासरा आपला चष्मा पुसत म्हणाला, आणि विषय तिथंच संपला.

नोव्हेंबरातली ती सकाळ. लीना वेलचीच्या पावाचं पीठ मळत होती. चार वर्षांची टिल्डा अंगणात खेळत होती. अंगात तपकिरी कोट, हातात लीनाच्या आईनं विणलेले पांढरे हातमोजे. शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून घेतलेलं नारंगी जाकीट खुंटीलाच राहिलं होतं. आत्ता आत येईलच की, असं लीनाला वाटलं होतं.

सफरचंदाच्या झाडाखाली रोजचं कुटुंब आलं होतं: फाटक्या कानाची म्हातारी हरणी, तिच्या दोन लेकी, लेकींची पाडसं. टिल्डा म्हातारीला 'आज्जीबाई' म्हणायची. आज्जीबाई पुढं चालली की सगळी एका ओळीनं तिच्या मागं.

लीनानं पुन्हा खिडकीतून पाहिलं. अंगण रिकामं होतं.

पिठाच्या हातांनीच ती बाहेर धावली. बर्फात खुरांची एकच वाट, आणि तिच्यावर अगदी शेवटी उमटलेली छोट्या बुटांची पावलं. वाट उतारावरून देवदारांच्या दलदलीकडं गेली होती. तिथंच रेइनोचं मचाण होतं.

कालच जेवताना तो सांगत होता, "माद्यांचा कळप जाऊ द्यायचा. हे माजाचे दिवस, नर त्यांच्या मागावर एकटाच येतो. आपण शेवटच्याची वाट बघायची."

लीनाची हाक तिथवर पोचणार नव्हती. ती मागं वळून गाडीकडं धावली आणि दोन्ही तळहातांनी हॉर्न दाबून धरला.

तेवढ्यात बंदूक वाजली. कुणाची? या दिवसांत रानात दिवसभर वाजतातच. ती उतारावरून धडपडत, पडत-उठत पळाली.

देवदारांखाली रेइनो गुडघ्यांवर बसला होता. टिल्डाला त्यानं छातीशी आवळून धरलं होतं. बंदूक दूर बर्फात पडली होती.

"मी नाही उडवली," तो म्हणाला. "पलीकडच्या डोंगरावर वाजली ती. मला पांढरं हललेलं दिसलं. बोट चापावर होतं, पोरी. हॉर्न ऐकून ही वळली, तेव्हा तोंड दिसलं."

"बाबा, पुरे. नका सांगू."

"आई, गाडी कशाला ओरडवलीस?" टिल्डा फुरंगटली. "आज्जीबाई पळाली ना!"

लीनाला रडू आवरेना. पोरीच्या हातातले मोजे तिनं ओढून काढले आणि खिशात कोंबले.

तेव्हापासून घर शांत झालं की ती हातातलं टाकून टिल्डाला बघायला उठते. भेटेल त्याला ती एकच सांगते, आणि तेच तुम्हालाही सांगते: हातातलं बाजूला ठेवा. तुमच्या घरातलं लहानगं आत्ता कुठं आहे? उठून बघून या.